विंचूदंशावरील संशोधन आणि संदर्भांची गणना

संशोधकाचे मोठेपण इतरांनी दिलेल्या संदर्भांच्या संख्येवरून ठरविण्याची रीत युजीन गारफील्ड यांच्या १९६४ च्या संदर्भसूचीनंतर दृढ झाली. तिची परीक्षा महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या लेखनावर घेता येते. तालुक्याच्या गावी रुग्ण तपासत त्यांनी लाल विंचवाच्या दंशाविषयी १९८२ व १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले, २०११ साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह ७० रुग्णांवरील चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या नोंदींनुसार प्राझोसिनमुळे मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले.

हे कार्य सूचीत पुरते उमटत नाही. एक कारण निव्वळ भाषिक आहे. या विंचवाचे शास्त्रीय प्रजातिनाम आधी ‘ब्यूथस’, मग ‘मेसोब्यूथस’ आणि आता ‘हॉटेन्टोटा’ असे झाले. विंचू तोच; पण एकाच नावाने शोधणाऱ्यास उरलेले वाङ्मय सापडत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. विट्यासारख्या गावी प्राझोसिनची गोळी देऊन रोगी वाचविणारा डॉक्टर सहसा निबंध लिहीत नाही. त्याने ते संशोधन वापरले, तरी गणनेत त्याची भर शून्यच!

म्हणून गणना टाकाऊ ठरविणे मात्र उतावीळपणाचे होईल. ‘लॅन्सेट’ने तो मजकूर छापला नसता, तर हा उपचार महाडबाहेर इतक्या लवकर मान्य झाला असता काय, याची शंकाच आहे. अर्थात ती मान्यता इंग्रजीतील लेखनाला मिळाली. त्याच लेखकाच्या ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या मराठी आत्मचरित्राला त्या हिशेबात खातेच नाही.