कबर तीच, नजर नवी

मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या ‘गुबारे खातिर’चा विषय निघाला की चहा, चिमण्यांची कहाणी आणि भाषेचा थाट यांचेच कौतुक होते. अहमदनगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात ते कैदेत होते. यातील बहुतेक पत्रे तिथली. हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली, पण तेव्हा टपालात न पडलेली ही पत्रे १९४६ साली पुस्तकरूपाने आली. त्यातले शेकडो शेर मौलानांनी बहुतांशी आठवणीतून लिहिले, म्हणून त्यांच्या स्मरणशक्तीचेही गोडवे गायले जातात. आम्हाला मात्र स्मरणाचे मर्म ११ एप्रिल १९४३ च्या पत्रात सापडते.

दोनच दिवसांपूर्वी कलकत्त्यात जुलेखा बेगम यांचे निधन झाले होते. मौलानांना आठवतो तो ३ ऑगस्ट १९४२ चा दिवस. मुंबईला निघालेल्या पतीला निरोप द्यायला बेगम दारापर्यंत आल्या, ‘खुदा हाफिज’ एवढेच बोलल्या. डोळे कोरडे, चेहरा मात्र व्याकूळ. त्या बऱ्या झाल्या असत्या तर तो चेहरा इतका लख्ख आठवला असता का? ही शेवटची भेट, हे त्यांना जाणवले असावे, असे मौलानांना मागाहून वाटते. दुःख आठवण कोरते, तसा तिला नवा अर्थही देते. म्हणून ती खोटी ठरत नाही.

याच पत्रात किल्ल्यातल्या एका जुन्या, अनामिक कबरीचा उल्लेख येतो. मौलानांनी ती शेकडो वेळा पाहिली होती. आता तिच्याविषयी आपलेपणा दाटून येतो. आपला धीर हा काहीसा देखावाच होता, अशी कबुलीही ते देतात. शैलीचा थाट इथे गळून पडतो आणि माणूस दिसतो.

आम्ही एकदा हे पत्र वर्गात शब्दार्थांसह शिकवले. मुले पंधरा दिवसांत विसरली. पुढच्या खेपेस आधी विचारले, ‘तुम्हाला दारात निरोप कोण देते?’ वालिद ट्रकवर असलेली एक मुलगी म्हणाली, ‘आम्ही अब्बांना देतो.’ मग पत्र वाचले. शब्द अडले, पण ती कबर कुणी विसरले नाही.

याच किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. मौलानांचे हे पत्र त्याला क्वचितच ठाऊक असते. ते मराठीत सांगणे हे आपलेच काम आहे. जे आपले वाटत नाही, ते स्मरणात राहत नाही.