नाव संगमेश्वर, कचेरी देवरुख : पत्रव्यवहाराच्या स्थलांतराविषयी काही विचार

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय संगमेश्वरास नाही. ते देवरुखास आहे. शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावरील गावाने तालुक्यास आपले नाव दिले, आणि कचेरी मात्र सह्याद्रीच्या बाजूस सरकलेल्या दुसऱ्याच गावी बसते. ‘तहसीलदार, संगमेश्वर’ असा मायना लिहिलेले पत्र देवरुखास पोहोचते आणि त्यात कोणासही नवल वाटत नाही. टपालखात्याने १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू केलेल्या पिनकोडाने देवरुखास ४१५८०४ व संगमेश्वरास ४१५६११ असे निरनिराळे आकडे दिले. परंतु पदाच्या नावास त्यामुळे धक्का लागला नाही. मायन्यातील ‘संगमेश्वर’ हे पदाचे नाव होय, आणि पाकिटावरील आकडा हा जागेचा. ही दोन्ही एकमेकांपासून सुटी ठेवल्यामुळेच कचेरी एका गावी आणि नाव दुसऱ्या गावचे, हा व्यवहार सुरळीत चालतो.

एखाद्या कार्यालयाचा संदेशवहनाचा सर्व्हर बदलावयाचा असतो तेव्हा नेमके हेच साधावयाचे असते. पत्र जेथे साठते ती जागा बदलावी, पत्र ज्या नावाने येते ते नाव बदलू नये. आपल्याकडील अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण केंद्र शासनाचे आहे. शासकीय पत्रव्यवहार राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या सेवेतूनच व्हावा, असे धोरण २०१५ च्या आरंभी अधिसूचित झाले होते. पुढे ती सेवा झोहो या भारतीय कंपनीच्या मंचावर नेण्यात आली, आणि ऑक्टोबर २०२५ मधील वृत्तांनुसार सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या या बदलाखाली आल्या. पत्त्यांच्या अखेरीस येणारी ‘एनआयसी डॉट इन’ आणि ‘जीओव्ही डॉट इन’ ही नावे पूर्ववत राहिली. नाव संगमेश्वर आणि कचेरी देवरुख, हाच न्याय येथे लागू झाला. त्या प्रकल्पाच्या अंतर्गत नियोजनाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अशा कामाची योजना आखताना ‘टप्पा’ ही कल्पना ज्या रीतीने वापरली जाते, ती रीत तपासावी एवढाच हेतू आहे. कारण माझ्या मते ती रीत सदोष आहे आणि तो दोष भाषाशास्त्राच्या अभ्यासकास चटकन दिसण्याजोगा आहे.

प्रथम शब्दाविषयी. या कामासाठी मराठीत ‘स्थलांतर’ हा शब्द रूढ होत चालला आहे. मराठीत माणूस स्थलांतर करतो, कर्मचाऱ्याची बदली होते आणि सामान हलवतात. या तीन क्रियांचे कर्ते निरनिराळे आहेत. सर्व्हर बदलताना वस्तुतः सामान हलवले जाते, आदेश बदलीसारखा निघतो आणि परिणाम मात्र स्थलांतर करणाऱ्या माणसासारखा भोगावा लागतो. तरीही हा शब्द मला अगदीच त्याज्य वाटत नाही. कोकणाला स्थलांतराचा जो अनुभव आहे, तो मुळातच टप्प्याटप्प्याचा आहे. घरातील एक जण आधी मुंबईस गेला, मग धाकटा भाऊ, मग कोणाची बायकामुले. आणि या सर्व काळात मनीऑर्डर, पत्रे व गणपतीची सुटी यांनी दोन ठिकाणचे एक घर जोडून धरले. चाकरमान्यांच्या घराची गोष्ट ही जाणाऱ्यांच्या संख्येची गोष्ट नसते. अर्धे घर इकडे आणि अर्धे तिकडे असताना ते एकत्र कसे नांदले, ही त्यातील मुख्य बाब असते. योजनाकारांनी शब्द घेतला, पण त्यातील हा अनुभव घेतला नाही.

योजनांत टप्पे कसे पाडले जातात? बहुधा मोजणीने. पहिल्या आठवड्यात शंभर पेट्या, दुसऱ्या आठवड्यात पाचशे. किंवा आडनावांच्या अकारविल्ह्याने. किंवा इमारतीच्या मजल्यांप्रमाणे. अशी विभागणी तक्त्यात नीटनेटकी दिसते आणि वरिष्ठांना प्रगती टक्केवारीत सांगता येते, हा तिचा गुण. परंतु टपालपेटी ही एकटी वस्तू नाही. तिला अर्थ येतो तो दुसऱ्या पेट्यांशी चालणाऱ्या व्यवहारामुळे. लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ च्या आपल्या ‘भाषा’ या ग्रंथात भाषिक समाजाची घनता समजावून देण्यासाठी एक कल्पनाचित्र मांडले आहे. समाजातील प्रत्येक व्यक्तीसाठी एक ठिपका काढावा, आणि कोणी काही बोलला की त्याच्या ठिपक्यापासून ऐकणाऱ्याच्या ठिपक्यापर्यंत एक बाण काढावा. काही काळाने कोठे बाणांची दाटी झालेली दिसेल, कोठे ते विरळ असतील. आणि बोलींच्या सीमा त्या विरळ पट्ट्यांतून जातात. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात ‘संगमेश्वरी’ या नावाने नोंदलेली बोली संगमेश्वर गावाच्या कितीतरी पलीकडे पसरलेली आहे. ती जेथे विरत जाते तेथे कोणी भिंत बांधलेली नाही. तेथे बाण विरळ होतात, इतकेच.

प्रत्यक्ष बोलण्याच्या बाबतीत असे चित्र कोणासही काढता येणे शक्य नव्हते, हे ब्लूमफील्ड जाणून होते. सर्व्हरच्या बाबतीत मात्र ते आपोआप काढले जाते. कोणी कोणास केव्हा पत्र धाडले याची नोंद प्रत्येक सर्व्हर ठेवतो; पत्रांतील मजकूर न उघडता केवळ त्या नोंदींवरून बाणांचा नकाशा सिद्ध होतो. टप्पे पाडावयाचे ते या नकाशावरील विरळ पट्ट्यांतून. तालुक्याच्या कचेरीत महसुलाचा अव्वल कारकून आणि गावोगावचे महसूल कर्मचारी यांच्यात दिवसभर बाण सुटत असतील. पंचायत समितीशी त्यांचा व्यवहार त्या मानाने कमी असेल. अकारविल्ह्याने विभागणी केली तर कारकून नव्या सर्व्हरवर आणि त्याचे अर्धे कर्मचारी जुन्यावर अशी अवस्था येते. पत्रे तरीही पोहोचतील, परंतु सामायिक पेटी एकाला उघडेल व दुसऱ्यास उघडणार नाही; साहेबांच्या पेटीवर काम करणारा त्यांचा सहायक मागे राहील; बैठकीसाठी कोण केव्हा मोकळा आहे हे एका बाजूस दिसेल आणि दुसऱ्या बाजूस दिसणार नाही. दाट बाणांचा पुंजका मध्येच कापल्याचा हा परिणाम होय. पेट्यांच्या संख्येत तो दिसत नाही.

कोठेही कापले तरी काही बाण तुटणारच, म्हणून सहअस्तित्वाच्या काळाची व्यवस्था लागते. या विषयातील माझ्या माहितीतील उत्तम दस्तऐवज नोव्हेंबर १९८१ मधील आहे. अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरील संगणक जुन्या संदेश-नियमांवरून टीसीपी या नव्या नियमांवर न्यावयाचे होते. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या त्या योजनेत १९८२ हे संपूर्ण वर्ष सहअस्तित्वाला दिले होते आणि १ जानेवारी १९८३ ही अखेरची तारीख ठरवली होती. जुनी भाषा बोलणारा संगणक आणि नवी बोलणारा संगणक यांच्यामधली पत्रे पोहोचवण्यासाठी दोन्ही भाषा येणारे मध्यस्थ संगणक नेमण्याची त्यात तरतूद होती. दुभाषी मनुष्य आणि बोलीची सीमा यांचा संबंध जाणणाऱ्यास ही तरतूद ओळखीची वाटेल. १९८२ मध्येच जुने नियम प्रथम एक दिवस व नंतर दोन दिवस मुद्दाम बंद करून पाहण्यात आले. सहअस्तित्व सुखाचे झाले की कोणीही हलत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते. आजच्या कार्यालयातही दोन्ही सर्व्हर एकाच डोमेनची पत्रे घेत असतात. म्हणून कोणती पेटी कोठे आहे याची एकच खरी यादी असावी लागते, आणि बाहेरून आलेले पत्र एका सर्व्हरने आपल्याकडे पेटी नसल्यास परत न धाडता दुसऱ्याकडे सोपवावे लागते. ही यादी दोन ठिकाणी दोन प्रकारची झाली की पत्र या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर हेलपाटे घालू लागते. कचेऱ्यांतून हिंडणाऱ्या अर्जदारांना या अवस्थेचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

नावाचा प्रश्न मात्र वाटतो तितका सोपा नाही. वर उल्लेखिलेल्या २०१५ च्या धोरणात व्यक्तीच्या नावाचा पत्ता आणि पदनामाचा पत्ता असा भेद आहे. अधिकारी बदलला तरी पदनामाचा पत्ता त्याच्या जागी येणाऱ्याकडे सोपवावा, अशी अपेक्षा आहे. व्याकरणदृष्ट्या पाहिले तर एक विशेषनाम आहे, दुसरे वर्णन. पहिल्याचा निर्देश स्थिर, दुसऱ्याचा काळागणिक बदलणारा. स्थलांतराच्या यादीत दोन्ही एकाच रकान्यात लिहिली गेली की पदाच्या पेटीचा वारस कोण, हा प्रश्न विचारलाच जात नाही. याहून गूढ असे तिसरेही नाव असते. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या प्रणालीत आतल्या आत लिहिलेल्या पत्रावर आपल्याला दिसणारा पत्ता वेगळा आणि यंत्राने मनात धरलेले अंतर्गत नाव वेगळे असे. पेटी नव्या ठिकाणी गेली, दिसणारा पत्ता तोच राहिला, आणि तरीही जुन्या पत्रास उत्तर लिहिले असता ते परत येई. कारण उत्तर त्या अंतर्गत नावाने निघत असे आणि ते नाव नव्या जागी कोणाचेच नसे. जुने अंतर्गत नाव नव्या पेटीस उपनाम म्हणून जोडणे हा त्यावरील उपाय. हाक मारावयाचे नाव आणि कागदावरचे नाव निराळे असणाऱ्या आपल्या समाजात हे समजण्यास अवघड जाऊ नये.

येथवरचे दोष त्रासदायक असले तरी दुरुस्त होण्याजोगे आहेत. चौथा तसा नाही, आणि त्याविषयी मराठी माणसाला इतरांहून अधिक सांगता आले पाहिजे. आपण एक फार मोठे स्थलांतर केलेले आहे : मोडीतून बाळबोधीत. ते सहअस्तित्वाच्या कसोटीवर उत्तम उतरले. छपाई बाळबोधीत आणि दफ्तर मोडीत अशी विभागणी दीर्घकाळ चालली; दोन्ही लिप्या येणारे कारकून हेच मध्यस्थ होते; विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मोडी कचेऱ्यांतून मावळली आणि कामकाज एक दिवसही अडले नाही. कोणत्याही तक्त्यात हा प्रकल्प शंभर टक्के पूर्ण असा नोंदला गेला असता. परंतु जुना साठा तसाच राहिला. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले; त्या दफ्तराच्या विस्तारापुढे ते खंड म्हणजे ओंजळ होय. आणि २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावच्या जुन्या कागदांपुढे मोडी वाचणारे जाणकार बसवावे लागले. कागद गहाळ झाले नव्हते, त्यांवर वाळवीही सर्वत्र लागली नव्हती. त्यांच्यापर्यंत जाणारी वाचकांची वाट तेवढी बुजली होती. मागणी कोणतीही असो, माणसाचा हक्क ज्या कागदावर आहे तो कागद शासनाच्याच कपाटात असून शासनालाच वाचता येऊ नये, ही अवस्था सहअस्तित्व संपण्याची तारीख साठ्याचा विचार न करता ठरवल्यामुळे येते.

हीच गोष्ट संगणकाच्या युगात पुन्हा घडली आहे आणि सर्व्हरच्या स्थलांतरात तिसऱ्यांदा घडण्याचा संभव आहे. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही मानक संकेतप्रणाली १९९१ मध्ये ठरली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही कचेऱ्यांतील मराठी मजकूर दीर्घकाळ सुरेख, योगेश यांसारख्या फॉण्टांत लिहिला गेला. या फॉण्टांत संकेतांक अक्षराचा नसून अक्षराच्या तुकड्याचा असे. तो विशिष्ट फॉण्ट यंत्रावर नसेल तर पत्र म्हणजे रोमन चिन्हांचा चुराडा. असे पत्र नव्या सर्व्हरवर नेताना त्याची अक्षरशः नक्कल होते. योजनेच्या दृष्टीने ते सुखरूप पोहोचले. शोधयंत्राच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नाही. नक्कल होतानाच त्याचे युनिकोडात रूपांतर करून मूळ प्रतीच्या शेजारी ठेवणे हे काम योजनेत स्वतंत्र टप्पा म्हणून लिहिले पाहिजे. ते नंतर करू असे म्हणणे म्हणजे मोडी नंतर वाचू असे म्हणणे.

युनिकोडातही सारे आलबेल आहे असे नाही. मराठीतील ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द घ्या. कोकणास दोन्ही लागतात, पश्चिमेस एक आणि पूर्वेस दुसऱ्या. दुसऱ्या शब्दातील आडवा रफार दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ ला हलन्त देऊन त्यापुढे शून्य रुंदीचा, डोळ्यांस न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. शोधात एक सापडतो व दुसरा निसटतो. मधल्या एखाद्या यंत्रणेने तो अदृश्य जोडक निरर्थक समजून गाळला, की दऱ्यांचा दर्या होतो आणि कोठेही दोषाची नोंद होत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडात २००८ मध्ये आले; त्यापूर्वीच्या पत्रांत ते ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिलेले सापडेल, आणि तो शब्दही आजच्या शोधाला दाद देणार नाही. देवनागरीतील पत्त्यांची स्थिती याहून नाजूक आहे. ‘डॉट भारत’ हे डोमेन २०१४ मध्ये खुले झाले आणि ई-मेल पत्त्यात रोमनेतर अक्षरे चालावीत असे नियम २०१२ मध्येच ठरले होते. परंतु अशा पत्त्याचे पत्र वाटेतील प्रत्येक सर्व्हरला ते नियम मान्य असतील तरच पुढे जाते. स्थलांतराच्या मधल्या काळात एकच जुना सर्व्हर साखळीत उरला तरी मराठी पत्ता तेथे अडतो, आणि बहुधा दोष मराठी पत्त्यास दिला जातो.

पहिल्या टप्प्यापूर्वी चाचणीची पत्रे धाडण्याचा प्रघात सर्वत्र आहे, आणि त्यांत ‘चाचणी’ किंवा ‘नमस्कार’ एवढाच मजकूर असतो. संगमेश्वराच्या कचेरीसाठी असे पत्र मला लिहावयाचे असते, तर त्यात दर्या आणि दऱ्या हे दोन्ही शब्द घातले असते. ‘ॲ’ ने सुरू होणारे एखादे नाव, जुन्या फॉण्टातील एक जोडपत्र आणि सातबाऱ्यावरील गट क्रमांक देवनागरी आकड्यांत घातला असता. ते पत्र पदनामाच्या पत्त्यावर धाडून, नव्या पेटीतून त्यास उत्तर मागवून, ते उत्तर जुन्या पेटीत ‘दऱ्या’ या शब्दावरून शोधून पाहिले असते. देवरुखाच्या कारकुनास ते सापडले की पहिला टप्पा सुरू करण्यास हरकत नाही.