‘मूक’ उत्परिवर्तन : एका पाठ्यपुस्तकी व्याख्येची चिकित्सा

पुढील आशयाचे वाक्य तुम्ही पाठ केलेले असेल : ‘ज्या उत्परिवर्तनामुळे अमिनो आम्ल बदलत नाही ते मूक उत्परिवर्तन होय, त्याचा सजीवावर परिणाम होत नाही.’ स्वल्पविरामापूर्वीचा भाग ही व्याख्या आहे. त्यानंतरचा भाग हा दावा आहे आणि तो स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

व्याख्येमागचा आधार

कोडॉन 64 आहेत. त्यांपैकी 3 थांब्याचे असल्याने उरलेले 61 कोडॉन 20 अमिनो आम्लांसाठी वापरले जातात. ल्युसीन, सेरीन आणि आर्जिनीन यांना प्रत्येकी 6 कोडॉन मिळतात, तर मेथिओनीन आणि ट्रिप्टोफॅन यांना प्रत्येकी एकच. यालाच संकेताची अतिरिक्तता म्हणतात. कोडॉनचे तिसरे अक्षर बदलले तरी अनेकदा अमिनो आम्ल तेच राहते. इथपर्यंत पुस्तकाचे म्हणणे बरोबर आहे.

दावा कुठे फसतो?

कोडॉनचा तक्ता फक्त भाषांतराचा नियम सांगतो. डीएनएचा तोच भाग आरएनएच्या स्प्लायसिंगसाठीही वाचला जातो, हे तक्त्यात दिसत नाही. लॅमिन ए प्रथिनाच्या एलएमएनए जनुकाचे उदाहरण घ्या. त्यातील 608 व्या स्थानी जीजीसीचे जीजीटी झाले, तरी दोन्ही कोडॉन ग्लायसीनचेच आहेत. तक्त्यानुसार काहीच घडले नाही. पण या बदलामुळे एक चुकीची स्प्लायसिंगची जागा सक्रिय होते आणि प्रथिनातील 50 अमिनो आम्ले गळतात. परिणामी मुलांमध्ये अकाली वार्धक्य आणणारा प्रोजेरिया हा आजार होतो. हे कारण 2003 मध्ये उघड झाले.

दुसरे उदाहरण एसएमएन2 जनुकाचे. एसएमएन1 पेक्षा त्याच्या सातव्या एक्झॉनमध्ये टीटीसीऐवजी टीटीटी आहे. दोन्ही फेनिलॲलानीनचेच कोडॉन. तरीही बहुतेक आरएनएमधून तो एक्झॉन वगळला जातो. त्यामुळे एसएमएन1 नसलेल्या रुग्णाची उणीव एसएमएन2 पुरती भरून काढू शकत नाही आणि स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी होते. रुग्णाच्या जनुकक्रमाचे विश्लेषण करताना ‘अमिनो आम्ल बदलले नाही’ एवढ्यावरून एखादा बदल यादीतून वगळला, तर निदानच हुकू शकते.

दुसऱ्या टोकाचा दावा

मग असे सगळेच बदल घातक मानायचे का? 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये यीस्टच्या 21 जनुकांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात असे सुमारे तीन-चतुर्थांश बदल हानिकारक ठरल्याचे म्हटले होते. 2023 मध्ये लिओनिद क्रुग्लियाक आणि इतर संशोधकांनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला : प्रयोगात योग्य तुलना-नियंत्रण नव्हते, त्यामुळे निष्कर्ष सिद्ध होत नाही. हा आक्षेप वजनदार आहे. इतका मोठा दावा करताना फरक त्या एका अक्षरामुळेच पडला, हे आधी दाखवावे लागते.

2019 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूच्या जीनोममधील 18,214 कोडॉन बदलून फक्त 61 प्रकारचे कोडॉन शिल्लक ठेवले. जिवाणू जगला, पण त्याची वाढ मंदावली. म्हणजे अतिरिक्तता बरीच सैल आहे, पण पूर्णपणे फुकटची नाही.

निष्कर्ष

खरा दोष ‘मूक’ या शब्दात आहे. तो निरीक्षणाआधीच निकाल देतो. ‘समानार्थी उत्परिवर्तन’ ही संज्ञा अधिक प्रामाणिक आहे, कारण ती कोडॉनच्या तक्त्याबद्दलच बोलते. उत्तरपत्रिकेत असे लिहा : ‘समानार्थी उत्परिवर्तनाने अमिनो आम्ल बदलत नाही. पुष्कळदा परिणाम दिसत नाही. परंतु स्प्लायसिंग, आरएनएची स्थिरता किंवा भाषांतराचा वेग यांवर परिणाम होऊ शकतो.’

विचार करा : ट्रिप्टोफॅनच्या कोडॉनमध्ये समानार्थी उत्परिवर्तन का शक्य नाही?