लंबवर्तुळाची पुनरुक्ती : फोर्ड टॉरसच्या तिसऱ्या पिढीची आकृती

मोटारीच्या आकृतीस ‘भाषा’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. भाषेच्या अभ्यासकाने हे रूपक स्वीकारण्यापूर्वी त्याची कसोटी पाहणे इष्ट होय. चिन्हास मूल्य येते ते इतर चिन्हांहून असलेल्या भेदामुळे, हा सोस्यूरचा सिद्धान्त सर्वपरिचित आहे. आकृती ही खरोखरच भाषा असेल, तर तिलाही हा नियम लागू पडला पाहिजे. फोर्ड कंपनीच्या टॉरस ह्या मध्यम आकाराच्या कौटुंबिक सेडानची १९९६ ची तिसरी पिढी ह्या निकषावर तपासून पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

तिसऱ्या पिढीचे गुणदोष पहिलीच्या संदर्भावाचून उमगत नाहीत. १९८० ते १९८२ ह्या तीन वर्षांत फोर्डला तीन अब्ज डॉलरांहून अधिक तोटा सोसावा लागला होता. अशा स्थितीत लुइस व्हेराल्डी ह्यांच्या नेतृत्वाखाली आराखडाकार, अभियंते व कारखान्यातील माणसे प्रारंभापासून एकत्र बसविण्यात आली. प्रतिस्पर्ध्यांच्या मोटारी सुट्या करून त्यांतील उत्तम ते हेरण्यात आले. जॅक टेलनॅक ह्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेली ही मोटार डिसेंबर १९८५ मध्ये विक्रीस आली. तिचे अंग गोलसर होते, काचा पत्र्याशी जवळजवळ समतल होत्या आणि समोरच्या नेहमीच्या जाळीला फाटा दिलेला होता. ह्या नवलाईस कारण होते : हवेचा विरोध घटावा व इंधन वाचावे. आतील कळी नजर रस्त्यावरून न हटविता स्पर्शाने ओळखता याव्यात, इंजिनातील तेल-पाणी तपासण्याच्या जागा पिवळ्या रंगाने चटकन दिसाव्यात, अशीही योजना होती. म्हणजे प्रत्येक भेद काही सांगत होता. १९८७ च्या ‘रोबोकॉप’ चित्रपटात भावी काळातील पोलिसांची मोटार म्हणून हीच निवडली गेली, ह्यावरून तिच्या आकृतीचे वाचन किती सुलभ झाले होते हे ध्यानात यावे. १९९२ मध्ये टॉरसने होंडा अकॉर्डला मागे टाकून अमेरिकेत सर्वाधिक खपाच्या मोटारीचे स्थान मिळविले.

‘डीएन१०१’ ह्या संकेतनामाने चाललेल्या पुढील योजनेची धुरा डिक लँडग्राफ ह्यांच्याकडे होती. १९९२ ची टोयोटा कॅमरी हा ह्या वेळचा मानदंड होता. यंत्ररचनेत त्याचे फळ दिसते : सांगाडा अधिक दृढ झाला आणि २०० अश्वशक्तीचे नवे सहा सिलिंडरांचे इंजिन उपलब्ध झाले. आकृतीच्या बाबतीत मात्र एकाच कल्पनेने सर्वत्र ठाण मांडले. दिवे लंबवर्तुळाकार, मागील काच लंबवर्तुळाकार, रेडिओ व वातानुकूलनाच्या कळींचा फलकही लंबवर्तुळाकार; आणि कंपनीचे बोधचिन्ह तर मुळातच लंबवर्तुळ.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध व समतोल असे तीन नियम सांगितले. ह्या मोटारीत संवाद उदंड आहे. विरोध जवळजवळ नाही, म्हणून समतोलासही वाव उरत नाही. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अनुप्रासाने अर्थाची जागा घेतली आहे. पहिल्या पिढीतील गोलाई वाऱ्याला उत्तर देत होती. येथील लंबवर्तुळ दुसऱ्या लंबवर्तुळाला उत्तर देते. कळींच्या फलकाचे उदाहरण उद्बोधक आहे. दोन भिन्न कार्ये एका आकारात कोंडल्यामुळे मालकाने दुसऱ्या बनावटीचा रेडिओ बसवू म्हटले तर ते अवघड होऊन बसले. आकाराचा आग्रह वापरणाराच्या सोयीवर कुरघोडी करतो तो असा.

लोकांना नावीन्य पचले नाही, असा ह्या मोटारीचा कैवार घेतला जातो. तो ग्राह्य वाटत नाही. ह्याच लोकांनी दहा वर्षांपूर्वी त्याहून मोठे नावीन्य आनंदाने स्वीकारले होते. तथापि विक्रीच्या आकड्यांवरून आकृतीचा निवाडा करणेही योग्य नव्हे. १९९६ मध्येही टॉरस अग्रस्थानी राहिली, पण त्यात भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपन्यांसारख्या घाऊक गिऱ्हाइकांचा वाटा मोठा होता. १९९७ मध्ये कॅमरी पुढे गेली, त्यात किंमतीचाही भाग होता. निर्णायक पुरावा आकृतीच्या पुढील इतिहासात सापडतो. २००० च्या मॉडेलात मागील काचेचे लंबवर्तुळ गेले, इतर ठिकाणीही ते सौम्य झाले, आणि ते गेल्याने मोटारीचे कोणतेही कार्य अडले नाही. जे काढून टाकले असता अर्थहानी होत नाही, ते भाषेत भेदक नसते.

फोर्डच्या आराखडाकारांपाशी धैर्य कमी होते असे म्हणता येणार नाही. यशस्वी आकृतीचे कारण विसरून तिचा आकार तेवढा उचलला गेला, हा खरा दोष होय. यशस्वी कवीची लकब शैली म्हणून गिरविणाऱ्या अनुयायांत तो आपण नित्य पाहतो. येथे अनुकर्ता व अनुकृत एकच आहेत, एवढाच फरक. वस्तूंच्या आकृतीला भाषा म्हणणाऱ्या समीक्षकाने म्हणूनच एक प्रश्न अटळपणे विचारला पाहिजे : हा आकार कशापासून वेगळा आहे, आणि त्या वेगळेपणाने वापरणाराला काय कळते? उत्तर मिळत नसेल, तर त्या आकृतीच्या बाबतीत ‘भाषा’ हे रूपक मागे घेणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.