आठ मिनिटांचं शिक्षण

गेल्या वेळी आपण समतेच्या कल्पनेवर बोललो. बोलणं बरंच हवेत राहिलं असावं, कारण निघताना अंधेरीहून येणाऱ्या एका श्रोत्यांनी आम्हाला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "सर, हे सगळं दुसरीच्या वर्गात कसं दिसतं?" तेव्हा आज आपण वर्गातच शिरू.

हल्ली शिक्षणावरच्या प्रत्येक कागदावर एक वाक्य असतं: सर्व मुलांना समान आणि प्रत्येकाला त्याच्या गतीनुसार शिक्षण. वाक्य ऐकायला फार गोड आहे. पण त्यातले दोन शब्द दोन वेगवेगळ्या घराण्यांतून आलेत. 'प्रत्येकाला' हा रूसोचा. त्याच्या 'एमिल'मध्ये, म्हणजे 1762 साली, एक मूल आहे आणि त्याच्यामागे आपलं सगळं तारुण्य वेचणारा एक गुरू आहे. (रूसोने स्वतःची पाच मुलं अनाथालयात धाडली असं तोच सांगतो, ते असो.) 'सर्वांना' हा शब्द आपल्याकडे जोतीरावांचा. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी मागणी केली ती बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची, आणि तक्रार केली ती ही, की पैसा रयतेच्या घामाचा आणि खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर. रूसोला एका मुलाची काळजी आहे आणि जोतीरावांना हिशेबाची. आमचं म्हणणं एवढंच, की हिशेब केल्याशिवाय ती काळजी खरी धरू नये.

करू या मग हिशेब. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. पहिली ते पाचवीसाठी त्यात वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास सांगितलेत. म्हणजे दिवसाला चार तास, 240 मिनिटं. प्राथमिकला एका शिक्षकामागे 30 मुलं. भागाकार तुम्हीच करा. आठ मिनिटं! त्यातच हजेरी, खिचडी, वह्या तपासणं. शिवाय जनगणना, निवडणूक, आपत्ती ही कामं शिक्षकाला लावायला कायद्याचीच मुभा आहे.

आता मुलुंडच्या मनोऱ्यातल्या मुलाला शाळेत आठ मिनिटं मिळाली तरी बिघडत नाही. संध्याकाळी शिकवणीच्या बाई आहेत, शेजारी बसणारी आई आहे, आमच्यासारखे रिकामे आजोबा आहेत. भांडुपच्या टेकडीवरच्या मुलाची आठ संपली की संपली. म्हणजे सगळ्यांना सारखी मिनिटं देणं ही समता नव्हेच. ज्याच्या घरी मिनिटं नाहीत त्याला शाळेत जास्त मिळायला हवीत. आणि आपण करतो काय? 2024 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेवर 25 टक्के जागांचं बंधन नाही. उपनगरांत अशी शाळा जवळ नसलेली गल्ली शोधावीच लागेल. उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द केला, हे बरंच झालं.

पण थांबा. मिनिटं वाढवली की झालं, असं आम्हीही बरीच वर्षं समजत होतो. आपल्या शेजारीच, कुर्ल्याच्या एल वॉर्डातल्या पालिका शाळांत, या समजुतीची परीक्षा झालेली आहे. 'प्रथम' संस्थेची बालसखी योजना. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी बसायची, आणि त्यांना शिकवायची वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली एक तरुणी. प्रशिक्षण दोन आठवड्यांचं आणि मानधन काही शे रुपये. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 या काळात ते तपासलं. पुढे 2019 ला दोघांना नोबेल मिळालं. बालसखीकडे गेलेली मुलं सुधारली. पण वर्गात मागे राहिलेल्या मुलांचं काय? त्यांचाही वर्ग तेवढा वेळ लहान झाला होता, म्हणजे वाट्याची मिनिटं वाढली होती. त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

का पडला नाही? आमचं उत्तर असं. बालसखीला पुस्तक बाजूला ठेवायची मोकळीक होती. मुलाला अक्षर येत नसेल तर ती अक्षरापासून सुरू करायची. डी.एड. झालेल्या बाईंना ती मोकळीक नाही. कायद्याचं 24 वं कलम वाचा: शिक्षकाने ठरल्या वेळात संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा, आणि लगेच खाली, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून लागेल ते जादा शिकवावं. दोन्ही एकाच श्वासात! साहेब आले की तपासतात ते पहिलं. दुसऱ्याला रकाना आहे, तो भरला जातो.

योजनेवरही आमचा आक्षेप आहेच. गरिबाच्या मुलाला 'वैयक्तिक लक्ष' मिळालं ते काही शे रुपयांच्या मुलीकडून. फायदाही वर्षभराने बराच ओसरला. आणि वेगळं काढलेल्या मुलाला आपल्याला का वेगळं काढलंय हे कळतं हो, गटाला फुलाचं नाव द्या की नदीचं.

एक आमची गोष्ट. निवृत्तीनंतर आम्ही एका वस्तीत संध्याकाळी शिकवायला जात असू. चौथीतला एक मुलगा धडा खणखणीत वाचायचा. दोन महिने आम्ही त्याची पाठ थोपटली. एके दिवशी लक्ष गेलं, तोंड एका ओळीवर आणि बोट भलत्याच ओळीवर. सगळं पुस्तक पाठ होतं त्याला! अक्षर एक येत नव्हतं. त्याच्या बाईंना चाळीसजणांत ते दिसलं नाही याला आम्ही दोष देत नाही. आमच्यापुढे पाचच मुलं होती आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. त्याला अक्षरांपासून सुरुवात करून दिली. चार महिने लागले. तेवढ्यात शाळेत अपूर्णांक होऊन गेले, ते त्याचे राहूनच गेले.

(प्रश्नोत्तरांत बोरिवलीच्या एका भगिनींनी विचारलं: "शिक्षिका मागच्या मुलांपाशीच बसल्या, तर पुढच्या मुलांनी काय करायचं?")

ताई, प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारताना तुम्ही संकोचलात तेही दिसलं. पुढच्या मुलाचं नुकसान होतं, थोडं होतं. त्याला स्वतः वाचता येतं, तेव्हा त्याच्या हातात पुस्तकं द्या, भरपूर द्या; काही वेळ त्याला मागच्याशेजारी बसू द्या. त्याचा वेळ फुकट जात नाही असं मात्र आम्ही म्हणणार नाही. आठ मिनिटांतली तीन त्याला द्यायची की नाहीत, हे कोणीतरी ठरवतंच. आज ते वेळापत्रक ठरवतं. आमची इच्छा आहे की ते त्या वर्गातल्या बाईंनी ठरवावं, आणि का ठरवलं हे तुम्ही त्यांना पालकसभेत विचारावं.