हसण्याचा तास

नागासाकी हे नाव आपल्या वसईच्या ख्रिस्ती घरांत अणुबाँबच्या बातमीने आलेले नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून ते आपल्या प्रार्थनेत आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या शहरातील टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातले मूलही सांगेल. ते कोवळ्या वयात जपानला गेले आणि तिथली भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की पुढे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून त्यांनाच उभे राहावे लागले, ही गोष्ट मात्र आपण फारशी ध्यानात घेत नाही. संतांच्या नावाने सुरुवात करून मी व्यंगचित्रपटांकडे वळणार आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आमच्या घरात जपानी शब्द पुन्हा ऐकू येऊ लागले ते माझ्या पुतणीच्या खोलीतून, आणि त्यांच्यापाठोपाठ येत असे तिचे मोठमोठ्याने हसणे.

पुतणी बारावीला विज्ञान शाखेत आहे. संध्याकाळची रोझरी झाली की जेवणापूर्वीचा अर्धा तास तिचा असतो. त्या अर्ध्या तासात ती ‘ॲनिमे’ पाहते. ॲनिमे म्हणजे जपानी चित्रमालिका. ‘मांगा’ म्हणजे चित्रकथा, जिच्यावरून पुष्कळदा ॲनिमे बेततात. आपल्याकडच्या पालकांना यातले डोरेमॉन आणि शिनचान तेवढे ठाऊक असतात, कारण ते दूरदर्शन संचावर हिंदी बोलत घरात शिरले. त्यामुळे हा सारा लहान मुलांचा पोरखेळ, अशी आपली समजूत आहे. माझीही होती. पुतणीची मते ठाम आहेत आणि ती पोळी लाटतानाही ऐकवते. त्यांतील एक मत मला इतके टोचले की ज्या मालिकांच्या आधारे ती बोलत होती त्या मी तिच्याशेजारी बसून पाहिल्या. हा लेख त्या पाहण्याचा आहे.

तिचे मत असे: “काका, आपल्या विनोदात कोणीतरी हरावं लागतं. यांच्यात कोणी हरत नाही, तरी हसू येतं.”

आपल्या वाहिन्यांवरील विनोदी कार्यक्रम मी आठवून पाहिले. साडी नेसलेला पुरुष, जाड बाई, काळा रंग, तोतरा नोकर, खेडवळ उच्चार. आपल्या धर्मग्रामाच्या सणाला होणाऱ्या नाटुकल्यांतही एक दारुडा आणि एक बावळट ठरलेलाच. प्रेक्षक हसतात, हे खरे. परंतु त्या प्रेक्षकांत एखादा तोतरा मुलगा बसलेला असतो, त्याचे काय होते याचा हिशेब नाटुकली लिहिणारा ठेवीत नाही. चिं. वि. जोशींचा चिमणराव या वाटेने गेला नाही, कारण आपली फजिती तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. मराठी विनोदाचा तो मोठेपणा होता. पडद्यावर मात्र आपण तो फार थोडा टिकवला.

आता ‘अझुमांगा दाइओ’ घ्या. कियोहिको अझुमा यांची ही चार-चार चौकटींची चित्रकथा १९९९ पासून २००२ पर्यंत एका मासिकात येत होती. नावाचा अर्थ शोधण्यात मी व्यर्थ वेळ दवडला. लेखकाचे आडनाव, मांगा हा शब्द आणि मासिकाच्या नावाचा उत्तरार्ध यांची ती नुसती मोट आहे. २००२ साली तिची सव्वीस भागांची मालिका झाली, आणि ती जपानी दूरचित्रवाणीवर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी रोज पाच पाच मिनिटे दाखवली जाई. चार चौकटींच्या चित्रकथेला तिकडे एक जुना साचा आहे: आरंभ, विस्तार, कलाटणी, शेवट. तिसऱ्या चौकटीत गोष्ट अनपेक्षित वळण घेते आणि चौथीत ती कशीबशी जमिनीवर येते. अझुमांची खुबी अशी की त्यांची चौथी चौकट बहुधा जमिनीवर येतच नाही. पात्रे एकमेकींकडे पाहत राहतात. हसू येते ते त्या पाहण्याचे.

कथा एका माध्यमिक शाळेतील सहा मुलींची, तीन वर्षांची. चियो ही दहा वर्षांची हुशार मुलगी, इयत्ता ओलांडून थेट मोठ्या मुलींच्या वर्गात आलेली. साकाकी ही उंच, अबोल. सारी शाळा तिला करारी समजते आणि तिला मात्र मांजरे आवडतात. रस्त्यातल्या एका करड्या मांजराला ती प्रेमाने हात लावायला जाते आणि ते दरवेळी तिच्या हाताला कडकडून चावते. हा प्रसंग किती वेळा येतो याची मोजदाद मी सोडून दिली. पहिल्यांदा हसलो, तिसऱ्यांदा कंटाळलो, आणि पुढे केव्हातरी लक्षात आले की आता मला त्या मुलीविषयी काळजी वाटू लागली आहे. जगाने तिला जे ठरवले आहे ते ती नाही, आणि जे ती आहे ते स्वीकारायला मांजरही तयार नाही. सहलीला गेल्यावर एका दूरच्या बेटावर, इरिओमोते येथे, रानमांजराचे एक पिल्लू आपणहून तिच्याजवळ येते. साध्या रेषांच्या चित्रात तिचा चेहरा तेव्हा जेमतेम बदलतो. आपल्याकडे या जागी पार्श्वसंगीताने टाहो फोडला असता.

याहून मला आवडली ती ओसाका. तिचे खरे नाव आयुमु कासुगा. ओसाका शहरातून शाळा बदलून आली म्हणून वर्गाने तिचे नावच ओसाका ठेवले. यामागची गंमत कळण्यासाठी एवढे ठाऊक हवे की ओसाका हे जपानी विनोदाचे माहेर मानतात. ‘मान्झाई’ नावाचा दोघांचा झटपट संवादांचा खेळ तिथलाच. त्यात एक वेड्यासारखे बोलतो आणि दुसरा त्याला झापतो. तेव्हा ओसाकाहून आलेली मुलगी बडबडी, हजरजबाबी असणार असे वर्ग धरून चालतो. आणि ही तर संथ, स्वप्नाळू, खिडकीबाहेर पाहत बसणारी! चियोच्या दोन वेण्या पंखांसारख्या हलवून ती उडत असेल का, असल्या विचारांत तिचा तास निघून जातो. गावावरून माणूस ठरवण्याच्या सवयीवर यापेक्षा सौम्य आणि यापेक्षा अचूक टीका मी पाहिलेली नाही. ‘वसईवाले’ म्हणजे अमुक, ‘गोवेकर’ म्हणजे तमुक, हे मुंबईच्या कचेऱ्यांत आपण सर्वांनी ऐकले आहे. तेव्हा हसण्याच्या बाजूला आपण नव्हतो.

मात्र पुतणीचे मत मी येथेच तोडून काढले. या मालिकेत किमुरा नावाचे एक शिक्षक आहेत. प्राचीन साहित्य शिकवतात आणि आपण शाळकरी मुली आवडतात म्हणून शिक्षक झालो, असे भर वर्गात सांगतात. मालिका हे हसण्यावारी नेते. पुढे त्यांना सद्गुणी पत्नी देते, त्यांच्याकडून थोडी सत्कृत्येही करवते, म्हणजे प्रेक्षकाने त्यांना निरुपद्रवी समजावे. मला ते मान्य नाही. आपल्या ख्रिस्तसभेने गेल्या काही दशकांत जगभर जे ऐकले आणि जे फार उशिरा ऐकले, त्यानंतर असल्या माणसाला विदूषक म्हणून पाहणे आपल्याला जमणार नाही, जमू नये. पुतणीला मी म्हटले, “इथे कोणी हरत नाही म्हणतेस, त्या वर्गातल्या मुली हरतात.” ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “ते भाग मी पुढे ढकलते.” तिचे मत तिने मागे घेतले नाही. परंतु ज्या कलाकृतीतले काही भाग पुढे ढकलावे लागतात, तिच्यावरचे प्रेम थोडे सावध असावे, एवढे तिला पटले असावे.

‘निचिजो’ ही दुसरी मालिका. शब्दाचा अर्थ नित्याचे जीवन, रोजचे. केइइची आरावी यांच्या चित्रकथेवरून क्योटो ॲनिमेशन या संस्थेने २०११ साली तिचे सव्वीस भाग केले. दिग्दर्शक तात्सुया इशिहारा. हिच्यात नित्याचे काहीच नाही आणि सगळे नित्याचेच आहे. डबा खाताना युको नावाच्या मुलीच्या हातून सॉसेजचा एक तुकडा निसटतो. तो जमिनीवर पडण्याआधी पकडण्यासाठी ती जी झेप घेते, ती रणांगणातील पराक्रमाच्या थाटात रंगवली आहे. एका तुकड्यासाठी एवढा खटाटोप! आपल्या विनोदमीमांसेत विसंगती म्हणतात ती हीच. पण येथे तिची दिशा उलटी आहे. मोठ्याला लहान करून हसवणे सोपे असते. येथे लहानाला मोठे केले आहे. डब्यातला शेवटचा घास पडणे हे सोळाव्या वर्षी खरोखरच केवढे संकट असते, हे आपण मोठी माणसे विसरतो.

हिच्यात गृहपाठ न केल्यामुळे वर्गाबाहेर उभे राहण्याचे प्रसंग आहेत. बाहेर उभ्या उभ्याही या मुलींचे चाळे थांबत नाहीत. मी अठ्ठावीस वर्षे शिक्षक होतो आणि वर्गाबाहेर किती मुले उभी केली ते देवाला ठाऊक. शिक्षा म्हणजे शिक्षा. दार लावून मी फळ्याकडे वळत असे. तो भाग चालू असताना पुतणीने विचारले, “काका, दार उघडून कधी पाहिलंत का, मुलं काय करत होती?” नव्हते पाहिले. काही हसत असतील. एक मुलगा होता, तो हसत नसावा असे आता वाटते. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. त्याचा गृहपाठ का होत नसे, हे मी विचारल्याचे आठवत नाही.

‘निचिजो’चे खरे हृदय मात्र शाळेबाहेर, एका घरात आहे. तिथे नानो नावाची यंत्रमानव मुलगी राहते. तिला घडवणारी शास्त्रज्ञ आठ वर्षांची हट्टी पोर आहे, आणि सोबत एक बोलणारे मांजर. नानोच्या पाठीवर किल्ली आहे, जुन्या खेळण्यांना असते तशी. तिला एकच इच्छा: इतर मुलींप्रमाणे शाळेत जावे आणि ही किल्ली कोणाला दिसू नये. निम्मी मालिका झाल्यावर तिला शाळा मिळते, मैत्रिणी मिळतात. आणि शेवटी किल्ली काढून टाकण्याची तयारी दाखवली जाते तेव्हा ती नको म्हणते. ज्या घरात अपंग मूल आहे, किंवा ज्या घराने कोणतेही वेगळेपण झाकण्यात वर्षे घालवली आहेत, तिथे हा भाग पाहताना हसू वेगळ्या जागी उमटेल.

ही चित्रे काढणाऱ्या संस्थेविषयी थोडे सांगणे भाग आहे. क्योटो ॲनिमेशन ही १९८१ साली सुरू झालेली, आपल्या कलावंतांना पगारी नोकरीत ठेवणारी संस्था. त्या धंद्यात हे दुर्मीळ. १८ जुलै २०१९ रोजी तिच्या इमारतीत शिरून एका माणसाने आग लावली. छत्तीस जण गेले. ‘निचिजो’तील पात्रांचे रेखाटन करणारे फुतोशी निशिया त्यांत होते. पुतणी तेव्हा लहान होती. तिला हे पुढे कळले. गेल्या जुलैत तिने धर्मग्रामाच्या कार्यालयात जाऊन त्या सर्वांसाठी मिस्साचा हेतू दिला. तिथल्या बाईंनी साहजिकच विचारले, तुमचे कोण? काय सांगावे ते तिला सुचले नाही, तेव्हा बाईंनी ‘मित्रमंडळी’ असे लिहून घेतले.

याच संस्थेच्या, २००९ साली सुरू झालेल्या ‘के-ऑन’बद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण पुतणीला ती फार प्रिय आहे आणि मला नाही. नाओको यामादा यांचे दिग्दर्शन नाजूक आहे, मुलींचे चालणे-बसणे त्यांनी विलक्षण बारकाईने टिपले आहे. शाळेतील संगीतमंडळातल्या या मुली वाद्ये कमी वाजवतात आणि चहा-केक जास्त खातात, यावर अनेकांचा आक्षेप आहे, माझा नाही. माझा आक्षेप गिटारचा आहे. नायिका युईला महागडी गिटार हवी असते. मैत्रिणी रस्त्यावरची वाहने मोजण्याचे काम करून पैसे जमवू लागतात, आणि मला वाटले आता खरी गोष्ट सुरू झाली. तर कळते की दुकान एका श्रीमंत मैत्रिणीच्या घरच्यांच्याच मालकीचे आहे. तिच्या एका शब्दावर गिटार मातीमोल भावात मिळते! माझ्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत विटा उचलून सायकल घेणारी मुले होती. त्यांना दुकानदार मैत्रीण भेटली नाही.

या तिन्ही मालिकांत आई-बाप जवळजवळ दिसत नाहीत, हा माझा मोठा आक्षेप. पुतणी म्हणते, तेच तर छान आहे. यावर आमचे एकमत झालेले नाही. ‘अझुमांगा’त प्रवेशपरीक्षा येतात, अभ्यासू योमीचा जीव टांगणीला लागतो आणि उनाड तोमो सहज पार पडते, पण निकालाच्या दिवशी घरात काय घडले ते कॅमेरा दाखवत नाही. आपल्या घरांत निकाल मुलाचा नसतोच, तो साऱ्या नातेवाइकांचा असतो. मार्कांचा आकडा मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात विचारला जातो. फेब्रुवारीत पुतणीची लेखी परीक्षा आहे. तिच्या अर्ध्या तासावर गदा आणावी असे तिच्या आईचे मत आहे, आणि या बाबतीत माझा सल्ला विचारलेला आहे.

मी आणू नये असे सांगितले आहे. ज्या पालकांना स्वतः पाहून ठरवायचे असेल त्यांनी ‘निचिजो’पासून आरंभ करावा, ‘अझुमांगा’ मुलांसोबत बसून पाहावी, म्हणजे किमुरासरांविषयी जे बोलायचे ते तिथल्या तिथे बोलता येईल. संवाद जपानीत असतात आणि खालची इंग्रजी अक्षरे भरभर जातात. चष्मा जवळ ठेवावा.