जुन्या बंदुका व कायद्यांतील एक वाक्य

वाड्यांत सांपडलेली जुनी बंदूक ठेवण्यास परवाना लागतो काय, असें संग्राहक वारंवार विचारतात. 'निकामी केली म्हणजे झालें' हें त्याचें रूढ उत्तर. तें अपुरें आहे, आणि त्यापायीं वस्तूंचा नाश होतो. म्हणून मूळ पाठच तपासणें प्राप्त आहे.

सन १९५९ च्या शस्त्र-अधिनियमाच्या ४५ व्या कलमाचें तिसरें उपकलम जुनाट घडणीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा नादुरुस्त शस्त्र त्या अधिनियमांतून वगळतें. पण शेवटीं एक पुस्ती आहे : दुरुस्त करून वा न करतां जें बंदूक म्हणून वापरतां येणार नाहीं असें. ही पुस्ती केवळ नादुरुस्तास लागते कीं तिन्हींस? मूळ इंग्रजींत मध्यें स्वल्पविरामही नाहीं. पोथींत असें स्थळ आलें तर आपण दुसरी प्रत धुंडाळतों. येथें ती सोय नाहीं. संग्राहकानें कडक अर्थच धरावा हें आमचें मत. तसा धरला तर नुसता जुनेपणा तारीत नाहीं. तोड्याची बंदूक कितीही जुनी असो, नळी धड असल्यास दारूगोळी भरून ती उडवितां येते.

अनर्थ होतो तो येथेंच. मालक लोहाराकडे जाऊन कान बुजवितो, नळीस आरपार भोंक पाडतो. कानाची झीज, नळीचा पोकळ व्यास, तिजवरील अक्षरें व कारागिराची खूण हींच तर आपलीं साधनें! शिक्का खरडलेल्या सनदेस आपण काय किंमत देतों? शिवाय बुजविलेला कान पुन्हां उघडतां येतो, तेव्हां कायद्याची अट पुरी झाली असेंही नव्हे.

इंग्लंडांत सन १९६८ च्या अधिनियमाचें ५८ वें कलम कुतूहलाची वा शोभेची वस्तु म्हणून बाळगलेल्या पुरातन बंदुकीस बहुतेक तरतुदींतून मोकळीक देतें. ती मोडून दाखवावी लागत नाहीं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२० च्या नियमदुरुस्तीनें 'क्युरिओ' वर्गांतील लहान बंदुका-पिस्तुलें घेण्यास व बाळगण्यास भारतीय नागरिकास परवाना नको असें ठरलें. वापरण्यास व नेण्याआणण्यास मात्र तो लागतो. प्रदर्शनांत बंदूक मांडूं इच्छिणाऱ्यांनीं हें विसरूं नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तु खासगी रीतीनें परदेशीं धाडण्यास सन १९७२ च्या पुरावस्तु-अधिनियमानें बंदी आहे, हेंही येथें सांगून ठेवतों.

सन १८७८ च्या शस्त्र-कायद्याखालचे परवाने कोणाच्या दप्तरांत असतील तर ते रद्दींत टाकूं नयेत. बंदूक घरांत केव्हांपासून आहे याचा तो लेखी पुरावा होय.